गाठोड्यात काय काय असते?

माझे गाव सावरगाव; जाम नदीपलीकडे पांढुर्णा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या दोन गावांत गोटमार होते. तिच्या आठवणी बाबांनी संगणकावर कृतिदेव फॉन्टमध्ये लिहून ठेवल्या होत्या. बाबा आज नाहीत. या अंकासाठी तो मजकूर कॉपी करून दुसऱ्या प्रोग्राममध्ये टाकला, तर 'मराठी'च्या जागी ई, जे, के, बी, एच ही इंग्रजी अक्षरे! छातीत धस्स झाले.

पण मजकूर गेला नव्हता. कॉपी करताना देणारा प्रोग्राम क्लिपबोर्डवर तोच मजकूर अनेक रूपांत ठेवतो: साधा, फॉन्टसकट सजवलेला, कधी चित्ररूपही. घेणारा आपल्याला समजेल ते रूप उचलतो. कृतिदेवात साठवण इंग्रजी अक्षरांचीच असते. देवनागरी हा नुसता वरचा अंगरखा. घेणाऱ्याने साधे रूप उचलले, अंगरखा मागे राहिला. आमच्या कन्नड विभागाकडील जुन्या 'नुडी' फॉन्टमधल्या मजकुराचीही हीच कथा.

माउसने ओढून नेले तरी गाठोडे तेच. मात्र तेथे आधी ठरवावे लागते, नक्कल करायची की हलवायचे? हलवायचे असेल तर घेणाऱ्याने 'पोचले' म्हटल्यावरच देणाऱ्याने मूळ पुसावे. एवढेही न पाळणाऱ्या प्रोग्रामला मी तरी बाबांची पाने देणार नाही.

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. आता ती पाने मी युनिकोडमध्ये आणतो आहे. रूपांतर करणारा प्रोग्राम बरेच काम उरकतो, पण रफार मधूनच भलत्या अक्षरावर बसतो. चंडीमातेच्या दर्शनाचे पान आज हाताने दुरुस्त करायचे आहे.