कर्करोगी रुग्ण आणि व्यायामाची मात्रा

कर्करोगाच्या रुग्णास आपण वैद्यमंडळी प्रायः विश्रांतीच सांगतो. त्यास शास्त्राधार नाही असे नाही. सुश्रुतसंहितेत रक्तपित्ती, कृश, शोषी इत्यादींना व्यायाम वर्ज्य सांगितला आहे, आणि केमोथेरपीने क्षीण झालेला रुग्ण समोर आला की हीच यादी आठवते. आधुनिक कर्करोगतज्ज्ञही पूर्वी बहुधा हेच सांगत. त्यांचे मत गेल्या काही दशकांत पालटले, ते अनुभवाच्या आधारे.

स्तनाच्या कर्करोगावरील उपचारांनंतर हातास सूज आलेल्या स्त्रियांनी वजन उचलू नये, अशी दृढ धारणा होती. २००९ मध्ये अमेरिकेत अशा १४१ स्त्रियांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्या स्त्रियांना हळूहळू वाढत्या वजनांचा व्यायाम दिला होता. त्यांची सूज वाढली नाही. उलट ती एकाएकी बळावण्याचे प्रसंग कमी झाले.

त्याहून बोलका ‘चॅलेंज’ अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया व केमोथेरपी पूर्ण झालेले ८८९ रुग्ण त्यात होते. एका गटास आरोग्यविषयक माहितीचे साहित्य दिले. दुसऱ्यास तीन वर्षे व्यायाम-मार्गदर्शक दिला. तो प्रारंभी दर पंधरवड्यास, पुढे दरमहा भेटे. आठ वर्षांनी पहिल्या गटातील ८३.२ टक्के, तर दुसऱ्यातील ९०.३ टक्के रुग्ण हयात होते. व्यायाम करावा हे कागदावर दोन्ही गटांना कळले होते. भेद होता तो पाठपुराव्याचा.

म्हणून तिकडील तज्ज्ञ आता तीन गोष्टी करू पाहतात: रुग्ण सध्या किती हालचाल करतो हे विचारणे, निश्चित मात्रा सांगणे, आणि जाणत्या फिजिओथेरपिस्टकडे पाठविणे. सामान्य मात्रा म्हणजे आठवड्यातून तीनदा अर्धा तास मध्यम गतीचा व्यायाम व दोनदा स्नायुबलाचा. वेळ नाही, नेमके काय सांगावे ठाऊक नाही, अपाय होईल ही भीती, या अडचणी त्यांनाही आहेतच.

येथे स्वतःची चूक सांगणे भाग आहे. स्तनाची शस्त्रक्रिया झालेल्या एका भगिनीने मला विचारले होते, “वैद्यबुवा, हात वर करू ना?” मी म्हणालो, “इतक्यात नको, विश्रांती घ्या.” रुग्णालयाने तिला हाताच्या व्यायामांचा कागद दिला होता. माझ्या शब्दाखातर तिने तो घडी घालून ठेवून दिला. तीन महिन्यांनी तिला वेणीही घालता येईना. आखडलेला खांदा मोकळा करण्यास फिजिओथेरपिस्टला पुष्कळ काळ लागला.

वास्तविक याचे उत्तर आपल्याच ग्रंथांत आहे. वाग्भटांनी व्यायाम अर्धशक्तीने करावा असे म्हटले, आणि तेही बलवान, स्निग्धभोजी मनुष्यास. मग क्षीण रुग्णाचे अर्धबल आज किती, हेच पाहावयास हवे. ते कदाचित अंगणातील दोन फेऱ्या एवढेच असेल. तोंडाने श्वास सुरू होणे हे अर्धबलाचे लक्षण सुश्रुतांनी दिले आहे. आजचे व्यायामतज्ज्ञ म्हणतात, चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये. मोजमाप फारसे निराळे नाही. ज्वर, रक्तस्राव, तीव्र पांडुता, अस्थींत पसरलेला रोग किंवा बधिर पावले असतील, तर मात्र उपचार करणाऱ्या तज्ज्ञास विचारल्यावाचून काही सांगू नये.

औषधालयचालकांकडे नातलग ‘शक्तीचे काहीतरी’ मागण्यास येतात. केमोथेरपी चालू असता तज्ज्ञाच्या अनुमतीवाचून बाटली पुढे करू नये, हे तर झालेच. पण रुग्ण दिवसभर पडून असतो का, एवढे अवश्य विचारावे. पडून राहिल्याने आलेला थकवा कोणत्याही आसवाने जात नाही.

मी आता केसपेपरवर औषधांच्या खाली व्यायामाची ओळ लिहितो: वेळ, मिनिटे, वार. पुढील भेटीत नाडी पाहण्यापूर्वी त्या ओळीविषयी विचारतो.