न्यूकॅसलचा कोळसा, तुलाचा सामोवार

मोंढ्यात सोयाबीनचा भाव पडला की शेतकऱ्याची पाचावर धारण बसते. यातली ‘धारण’ म्हणजे धान्याचा दर. रुपयाला पाचच शेर धान्य मिळू लागलं, इतकी महागाई झाली, म्हणून माणसं घाबरली, असा त्याचा उलगडा सांगतात. म्हणजे मूळची भीती घेणाऱ्याची, भाव चढल्याची. आज जालन्यात ती विकणाऱ्याची, भाव पडल्याची. शेर गेला, वाक्प्रचार राहिला. पण म्हणून कुणी ‘सहावर धारण बसली’ म्हणून बघा, समोरचा हसेल.

इंग्रजी वाक्प्रचार शिकणाऱ्यांना मी आधी हे पाचाचं उदाहरण देतो. ‘किक द बकेट’ म्हणजे मरणं. त्यातल्या बादलीला लाथ कुणी का मारावी, यावर डोकं शिणवू नये आणि बादलीच्या जागी घागरही ठेवू नये. शब्द सुटे केले की अर्थ सांडतो.

इथपर्यंत सगळ्यांना पटतं. घोटाळा होतो तो पुढे. पाठांतराच्या वहीत डावीकडे ‘किक द बकेट’, उजवीकडे ‘मरण पावणे’, आणि मध्ये बरोबरचं चिन्ह. मग एखादा मुलगा साहेबांच्या वडिलांच्या निधनावर इंग्रजीत सांत्वनाचं पत्र लिहितो आणि त्यात हीच बादली घालतो. मराठीत आपण त्याच घरी जाऊन ‘तुमचे वडील गचकले’ म्हणू का? तिथे ‘देवाज्ञा झाली’ लागतं. म्हणून वहीत तिसरा रकाना हवा: हे कुणासमोर बोलायचं. माझ्या मते तो अर्थाच्या रकान्याहून मोलाचा.

चित्रं मात्र खुशाल वेगळी असू द्यावीत. सोप्या कामाला इंग्रज ‘पीस ऑफ केक’ म्हणतो. रशियन म्हणतो, वाफवलेल्या सलगमाहून सोपं. आपला तो डाव्या हातचा मळ. केकचं भाषांतर करू गेलात तर ‘वाढदिवस कुणाचा?’ असं विचारतील.

गावाच्या नावावरचे वाक्प्रचार मला सगळ्यांत आवडतात, कारण त्यांना भूगोल लागतो. ‘कॅरी कोल्स टू न्यूकॅसल’ घ्या. उत्तर इंग्लंडमधल्या न्यूकॅसलहून जहाजं भरभरून कोळसा लंडनला जायचा. तिथे कोळसा घेऊन जाणं म्हणजे वेडेपणा. हे रशियन माणसाला समजवायला कोळसा लागत नाही. ‘तुलाला आपला सामोवार घेऊन जाणं’ ही म्हण त्याच्याकडे आहेच. सामोवार म्हणजे चहाचं पाणी उकळायचं भांडं, आपल्या तांब्याच्या बंबाचा धाकटा भाऊ म्हणा. आणि मॉस्कोच्या दक्षिणेचं तुला शहर त्यासाठीच नावाजलेलं.

मग याच धर्तीवर आपल्या जालन्याला काय नेऊ नये? ‘जालना सोने का पालना’ ही आपली जुनी म्हण कौतुकाची, इथे कामाची नाही. वर्गात विचारलं की पहिलं उत्तर मोसंबी. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा बरोबरच. दुसरं सळया, कारण इथले पोलाद कारखाने. पण २०१२-१३च्या दुष्काळात मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या, टँकरच्या पाण्यावर झाडं जगवावी लागली. अंबड तालुक्याकडच्या मुलांना तो उन्हाळा घरच्यांच्या तोंडून ठाऊक असतो. त्यांना मोसंबी रुचत नाही. ती मुलं बियाणं सुचवतात. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको ही बियाण्यांची कंपनी इथेच काढली, त्यामुळे ‘जालन्याला बियाणं नेणं’ हेही शोभतं. फळ्यावर मी मोसंबी आणि बियाणं दोन्ही लिहून ठेवतो.