पुरावा मागितला, नकार नव्हे

आमच्या गटातल्या एका ताईंची लेक लग्न होऊन अमेरिकेत आहे. तिच्या ग्रीन कार्डाच्या अर्जावर तिथल्या इमिग्रेशन खात्याचं पत्र आलं: जन्माचा पुरावा अपुरा आहे, आणखी द्या. ताईंना वाटलं, अर्ज फेटाळला. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पण असं पत्र म्हणजे नकार नव्हे, फक्त मागणी.

लेक घरीच जन्मली, ग्रामपंचायतीत नोंदच नाही. मग ‘नोंद आढळत नाही’ असा दाखला आधी घेतला. त्याला शाळा सोडल्याचा दाखला जोडला. जन्म ज्यांना प्रत्यक्ष ठाऊक आहे अशा दोघींची प्रतिज्ञापत्रंही केली, एक ताईंचं, दुसरं बाळंतपणाला हजर असलेल्या जावेचं. मराठी कागदाचं पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं. ते बरोबर असल्याचं लिहून भाषांतर करणाऱ्यानं सही करायची. नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी ताडून बघा, घोळ तिथंच होतो.

मुदत पत्रावरच असते. टपालाचे दिवस सोडून जास्तीत जास्त १२ आठवडे, आणि ती वाढवून मिळत नाही. कागद सगळे एकदमच पाठवायचे, वर ते मागणीपत्र ठेवून. अर्धेच पाठवले तर तेवढ्यावरच निकाल लागतो.

ताईंचे तीन आठवडे नुसत्या शिक्क्यासाठी गेले. पत्र आलं त्याच दिवशी निघा.