जुनं इंजिन, लांबचा प्रवास – लेखांक ६ : आपटलं की थरथरलं?

खोक्याच्या लाकडावर या आठवड्यात लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढे ढकलतो. शिरगावहून, आपल्या बदलापूरच्याच, एका वाचकांचं पत्र आलंय आणि त्यांनी नेमका माझ्या जिव्हाळ्याचा विषय काढलाय.

त्यांच्याकडे फियाट ११०० डिलाइट आहे. मूळ इंजिनाचा ब्लॉक तडकलेला, म्हणून त्यांनी तसंच दुसरं इंजिन कोइमतूरहून मागवलं. म्हणजे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात जन्मलेलं १०८९ सीसीचं इंजिन दक्षिणेत संसार करून पुन्हा मध्य रेल्वेच्या हद्दीत आलं. खोकं शाबूत, एक खिळा हललेला नाही. पण इंजिन बसवून सुरू केल्यावर डायनॅमो घरघरायला लागला आणि पाण्याच्या पंपाने त्याला साथ दिली. तिकडे फोनवर चालू इंजिन ऐकवलं होतं, तेव्हा दोन्ही शांत होते. पत्राच्या शेवटी प्रश्न : ‘ट्रान्सपोर्टवाल्यांनी कुठेतरी आपटलंच असणार. भरपाई मागू का?’

थांबा. आधी डायनॅमोचं पुलीकडचं बेअरिंग काढा, रॉकेलमध्ये धुवायच्या आत उघडा आणि बाहेरची रिंग उन्हात धरा. आपटलं की नाही, हे बिल्टीपेक्षा ती रिंग जास्त खरं सांगते.

खाचा दिसतील, त्याही समान अंतरावर, गोळ्या जिथे जिथे टेकल्या होत्या तिथे. आता भिंग घ्या. खाचेच्या तळाशी कारखान्यातल्या ग्राइंडिंगच्या बारीक रेषा अजून दिसत असतील, तर तो एका दणक्याचा मार. गोळी पोलादात रुतली, धातू दबला, पण झिजला नाही. स्वीडनच्या ब्रिनेल यांनी १९०० साली कडकपणा मोजायची पद्धत काढली ती याच तत्त्वावर : १० मिलिमीटरची गोळी ३००० किलोच्या भाराने धातूवर दाबायची आणि पडलेला खळगा मोजायचा. म्हणून अशा माराला ब्रिनेलिंग म्हणतात.

पण रेषा पुसल्या गेल्या असतील, खाच गुळगुळीत असेल आणि आसपासच्या ग्रीसमध्ये गंजासारखी तांबूस पूड असेल, तर कोणी काही आपटलेलं नाही. तुमचं बेअरिंग थरथरून मेलं.

ही भानगड पहिल्यांदा नीट उकलली ती मोटारगाड्यांच्याच निमित्ताने. १९३०च्या दशकात डेट्रॉइटच्या नव्याकोऱ्या गाड्या रेल्वेने अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला जायच्या. स्वतःच्या चाकांवर त्या जवळजवळ चाललेल्याच नसत, तरी उतरवून चालवायला घेतल्या की चाकांची बेअरिंगं ओरडायची. जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेतल्या आल्मेन यांनी १९३७ मध्ये त्यावर लेख लिहिला. खाचा ब्रिनेलिंगसारख्या दिसतात, पण कारण वेगळं, म्हणून ते ‘खोटं ब्रिनेलिंग’. तेव्हाचे रूळ सांध्यासांध्यावर खडखडणारे. गाडी जागेवर बांधलेली, चाक फिरत नाही, नुसतं केसभर मागेपुढे डुलतं. बेअरिंग पुरं फिरलं की गोळी आपल्यापुढे तेलाचा थर ओढत नेते. केसभर डुललं तर उलटंच होतं : गोळीखालचं तेल पिळून बाहेर जातं, परत यायला वाट मिळत नाही आणि पोलादावर पोलाद घासत राहतं. त्यातून निघणारे कण हवेत गंजतात. ती तांबूस पूड. गंमत अशी की धावणारी गाडी सुखरूप राहते आणि बांधून ठेवलेली झिजते.

अंबरनाथच्या एमआयडीसीत विजेच्या मोठ्या मोटारींची ने-आण करणाऱ्या फिटरला हे नवं नाही. रोलर बेअरिंगच्या अवजड मोटारीवर प्रवासापुरता शाफ्ट जखडणारी पट्टी येते आणि ‘सुरू करण्यापूर्वी काढा’ अशी चिठ्ठी तिच्यावर असते. मोटारवाले एवढी काळजी घेतात आणि पन्नास-साठ वर्षांच्या इंजिनाला आपण बारदान गुंडाळून देवावर हवाला टाकतो.

आता तुमच्या इंजिनाकडे. क्रँकची बेअरिंगं गोळ्यांची नाहीत, साध्या शेल आहेत. त्यांना या रोगाची धास्ती कमी, त्यांचा शत्रू कोरडं राहणं, आणि त्यावर आपण दुसऱ्या लेखांकात बोललो आहोत. मरतं ते अंगावर टांगलेलं सामान. पंख्याचं पातं पंपाच्या दांड्यावर बसलेलं असतं. खड्ड्यागणिक ते वजन दांड्याला हिसके देतं. त्यात कोणीतरी पट्टा ताणून ठेवलेला, म्हणजे सगळा भार एकाच बाजूच्या दोन-तीन गोळ्यांवर. पट्टा काढा, पंखा काढा, डायनॅमो उतरवून वेगळा गुंडाळा. तो उभा ठेवावा, आडवा नको. उभ्या अवस्थेत आर्मेचरचं वजन सगळ्या गोळ्यांवर सारखं वाटलं जातं आणि ढिलाई निघून जाते. अर्ध्या तासाचं काम. ते टाळणाऱ्या मिस्त्रींना मी आळशी म्हणतो आणि ते मला चिकित्सक.

खोक्याखाली जाड रबराचे तुकडे द्या, तेही चार कोपऱ्यांतच नको, इंजिनाच्या माउंटिंगच्या खाली येतील असे. आणि ट्रकमध्ये जागा मागून घ्या : दोन चाकांच्या मध्ये, केबिनच्या बाजूला. मागच्या चाकाच्या पलीकडे लोंबणारी फळी सगळ्यात जास्त उडते, आणि उशिरा आलेला माल हटकून तिथेच पडतो. काटई-कर्जत रस्त्यावर पावसाळ्यानंतर टेम्पोच्या मागच्या टोकाला बसून एकदा बदलापूर ते वांगणी करा, मग माझं म्हणणं कंबरेला पटेल. हमालांना दोन पैसे जास्त दिले तर ती जागा मिळते.

भरपाईचं म्हणाल, तर पूड निघाली की ट्रान्सपोर्टवाल्याशी भांडण सोडा. विकणाऱ्याने डायनॅमो लावूनच पाठवला, पट्टा चढवून पाठवला. बोलायचं ते त्याच्याशी. डायनॅमोचं बेअरिंग कुर्ल्याच्या बाजारात सहज मिळेल, जुनं सोबत घेऊन जा आणि रिंगेवरचा नंबर जुळवून घ्या. पंपाचं मात्र नुसतं बेअरिंग बदलून भागवू नका. सील आणि दांडाही बघा, कारण घरघरत्या बेअरिंगवर चालवलेल्या पंपाचा दांडा सीलजवळ झिजतो आणि मग पाणी गळतं.

लाकूड पुढच्या आठवड्यात, नक्की. परदेशी पाठवायचं असेल तर ते आतपर्यंत ५६ अंशांना ३० मिनिटं भाजलेलं हवं आणि वर शिक्का हवा, एवढं आत्ता सांगून ठेवतो. कोणाला घाई असेल तर आंब्याच्या पेट्यांच्या फळ्यांना हात लावू नये.