मॉरिशस : समुद्र पाहा, पण उसाचे रानही पाहा

— ऊसविकास अधिकारी, शेतकी विभाग



आपल्या कार्यक्षेत्रातल्या घरांतून अलीकडे मॉरिशसचे नाव वरचेवर ऐकू येते. कुणाचा मुलगा-सून लग्नानंतर तिकडे जाऊन आलेली असतात, कुणी ऊसबिल जमा झाल्यावर चार मंडळी मिळून सहलीचा बेत करतात. शेतकी ऑफिसात नोंदीच्या कामाला आलेले सभासद मग विचारतात, "साहेब, तुम्ही जाऊन आलात म्हणे. समुद्र सोडला तर तिथं बघण्यासारखं आहे तरी काय?"

समुद्र उत्तमच आहे. परंतु ऊस पिकवणाऱ्या माणसाने नुसता समुद्र पाहून परत यावे, हे मला बरे वाटत नाही. ते बेट उसावर उभे राहिले, आणि तो ऊस लावणाऱ्यांत आपली मराठी माणसेही होती. म्हणून दोन्ही गोष्टी येथे सांगतो.

बेट कुठे, जायचे केव्हा

मॉरिशस हे हिंदी महासागरातले, मादागास्करच्या पूर्वेला असलेले लहानसे बेट. क्षेत्रफळ सुमारे २,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या एखाद्या जिल्ह्यापेक्षाही कमी. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. मुंबईहून विमानाने सुमारे सहा तास लागतात. भारतीय प्रवाशाला सहलीसाठी व्हिसा तिथे उतरल्यावर मिळतो. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ते बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्याने ऋतू आपल्या उलट आहेत. आपल्याकडे पावसाळा असतो तेव्हा तिथे थंडी असते आणि जून-जुलैत त्यांचा गळीत हंगाम सुरू होऊन डिसेंबरच्या सुमारास संपतो. आपले बॉयलर पेटतात, त्या वेळी त्यांचा हंगाम उताराला लागलेला असतो. जानेवारी ते मार्च हा चक्रीवादळांचा काळ. तेव्हा जाणे टाळावे. मे ते नोव्हेंबर उत्तम. शेतीतला माणूस ऑगस्ट-सप्टेंबरात गेला तर समुद्रही पाहील आणि तोडणीही पाहील.

किनारा

बेटाला जवळजवळ सर्व बाजूंनी पोवळ्याच्या खडकांचे कडे आहे. मोठी लाट त्या खडकांवर फुटते आणि आत किनाऱ्यापर्यंत उथळ, संथ, निळेहिरवे पाणी राहते. म्हणूनच तिथे लहान पोरेदेखील निर्धास्त डुंबतात. उत्तरेला ग्राँ बे आणि त्रू-ओ-बिश, पूर्वेला बेल मार, पश्चिमेला फ्लिक-आँ-फ्लाक, आग्नेयेला ब्लू बे असे किनारे आहेत. सूर्यास्त पाहावा तो फ्लिक-आँ-फ्लाकला. ब्लू बेमध्ये तळाला काच बसवलेल्या होडीतून पोवळी आणि मासे दिसतात. पोहता न येणाऱ्याने ही होडी चुकवू नये. पूर्वेकडून होडीने इल-ओ-सेर नावाच्या छोट्या बेटावर जाता येते. नावाचा अर्थ हरणांचे बेट.

दक्षिणेला ग्रि-ग्रि येथे मात्र खडकांच्या कड्याला खिंडार आहे. तिथे समुद्र सरळ कातळावर येऊन आदळतो. तिथे पोहायला उतरू नये. काठावर उभे राहून पाहावे. बाकी किनाऱ्यांवर वारा अडवायला आपल्या कोकणासारखी सुरूची झाडे आहेत. सुटीच्या दिवशी स्थानिक मंडळी त्यांच्या सावलीत डबे सोडून बसतात. हातगाडीवर डाळपुरी मिळते. पुरीत डाळ भरलेली, वर रस्सा आणि चटणी. आपल्या माणसाच्या तोंडाला ती लगेच रुचते.

आतल्या भागात

बेटाच्या आतल्या भागात पांपलमूसची बाग पाहावी. ताटाएवढी नव्हे, परातीहून मोठी पाने असलेली कमळे तिथल्या तळ्यात आहेत. शामारेल गावाजवळ सात रंगांची माती आहे. ज्वालामुखीचा खडक कुजून झालेली ही माती तांबडी, तपकिरी, जांभळट अशा पट्ट्यांत दिसते. डोंगरावर गंगा तलाव म्हणून ज्वालामुखीच्या मुखात साठलेले तळे आहे. महाशिवरात्रीला साऱ्या बेटावरून लोक खांद्यावर कावड घेऊन पायी तिथे येतात. काठावर १०८ फूट उंचीची शंकराची मूर्ती उभी आहे.

नैर्ऋत्येला समुद्रात घुसलेला ल मोर्नचा उभा डोंगर आहे. खाली सुंदर किनारा आणि हॉटेले. परंतु या डोंगराच्या कपारींत एके काळी मळ्यांवरून पळालेले आफ्रिकी गुलाम लपून राहत. २००८ साली युनेस्कोने तो जागतिक वारशात घेतला, तो याच कारणासाठी.

रान आणि दगड

किनाऱ्यापासून गाडी आत वळली, की दोन्ही बाजूंना ऊस. आणि त्या उसात मध्येच काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग, काही तर देवळाएवढे. हे बेट म्हणजे थंड झालेला लाव्हा. दगड आपल्या दख्खनसारखाच काळा. रान लागवडीला आणताना माणसांनी तो हातांनी वेचला आणि रचून ठेवला. आपल्या माळरानात विहिरीच्या कडेला किंवा बांधावर दगड रचलेले असतात, ते आठवून पाहा म्हणजे त्या श्रमाची कल्पना येईल.

ऊस तिथे डच लोकांनी १६३९ साली जावा बेटावरून आणला. पुढे फ्रेंचांनी तो वाढवला. १८१० साली इंग्रजांनी बेट घेतले आणि साखरेला तेजी आली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्या चिमुकल्या बेटावर अडीचशेच्या वर कारखाने होते. राबणारे सुरुवातीला बहुतेक गुलाम. १८३५ साली गुलामी कायद्याने बंद झाली. भरपाई मिळाली ती मालकांना. मळ्यांना माणसे हवी होती. ती हिंदुस्थानातून नेली.

सोळा पायऱ्या

राजधानी पोर्ट लुईच्या बंदरात आप्रवासी घाट आहे. तिथल्या दगडी सोळा पायऱ्या चढून आपले लोक त्या बेटावर उतरले. १८३४ ते १९२० या काळात सुमारे साडेचार लाख हिंदी माणसे तिथे नेली गेली. २००६ पासून हे ठिकाण जागतिक वारशात आहे. सहलीवाले पुष्कळदा ते गाळतात. तुम्ही आग्रह धरून पाहा. तासाभराचे काम आहे.

करार पाच वर्षांचा. सुरुवातीच्या काळात मजुरी महिना ५ रुपये, वर तांदूळ-डाळ. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापत. आपला ऊसतोड मजूर दसरा-दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन, बैलगाडी नाहीतर ट्रॅक्टरमध्ये संसार भरून आपल्या फडात येतो. तो काही सातासमुद्रापार जात नाही, हंगाम संपला की घरी जातो, हे खरे. पण अंगावर घेतलेली रक्कम, ती फिटेपर्यंत सुटका नाही, आणि खाड्याची भीती, या तीन गोष्टी त्या घाटावर वाचताना मला आपल्या तळावरच्या कोप्या आठवल्या. सभासदाने हे मनावर घ्यावे, एवढेच म्हणतो.

आपली माणसे

या लोंढ्यात मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसेही होती. त्यांची वस्ती विशेषतः बेटाच्या पश्चिम भागात आहे. फ्लिक-आँ-फ्लाकच्या किनाऱ्यापासून थोड्या अंतरावरचे कास्काव्हेल हे गाव त्यांपैकीच. रोजची बोली आता क्रिओल झाली आहे, पण गणेशोत्सव घरोघर होतो आणि गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुटी असते. कोकणातले जाखडी नृत्य त्यांनी राखले आहे. शाळांतून मराठी विषय शिकता येतो. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या काळच्या मजुरांच्या नोंदवह्या जपल्या आहेत. नाव, गाव, उंची, जहाज अशा नोंदी पाहून नातवंडे आपले मूळ गाव शोधतात.

कास्काव्हेलला एका वयस्क शेतकऱ्याशी बोलणे झाले. मराठी बेताची, मधूनमधून क्रिओल शब्द. मी साखर कारखान्यात नोकरीला आहे म्हटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न केला, "मालक कोण?"

मी म्हटले, "काका, सभासद. ऊस घालणारे शेतकरीच."

"सगळा? सगळा शेतकऱ्यांचा?"

"होय. शेअर कितीही असोत, माणशी मत एक."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमी ऊस दिला. कारखाना दुसऱ्याचा." त्यांनी आपला ऊस मोडून टाकला होता. मुलगा हॉटेलात कामाला आहे. रान पडून आहे.

ऊस का मोडला

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. १८७० नंतर साखरेचे भाव उतरले तेव्हा मोठ्या मळेवाल्यांनी रानाचे तुकडे करून हिंदी मजुरांना विकले. पोटाला चिमटा घेऊन साठवलेल्या पैशांतून मजूर शेतकरी झाला. पण कारखाना मळेवाल्याकडेच राहिला. लहान शेतकरी 'उबा' नावाचा ऊस लावी. ऊस चिवट, हलक्या रानात येणारा, वजनाला भारी. मात्र उतारा कमी. १९३७ साली कारखान्यांनी त्याचा भाव कमी केला. फ्लाक भागात लोक कारखान्यावर चालून गेले, गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार माणसे मेली. वजन की उतारा हा तंटा आपल्याकडेही आहे. २६५ च्या नोंदीवरून गट ऑफिसात किती बोलाचाली होतात, ते मी रोज ऐकतो. आपल्याकडे तो प्रश्न वार्षिक सभेत मांडता येतो. त्यांना सभाच नव्हती.

पुढे पुष्कळ सुधारणा झाल्या. वादळाने ऊस पडला तर भरपाई मिळावी म्हणून १९४६ पासून सक्तीचा विमा फंड आहे. १९५३ साली ऊस संशोधन संस्था निघाली. तिथे एक लागण केली की सात-आठ वर्षे खोडवे ठेवतात, पाचट सरीत पसरतात, पट्ट्यात बटाटा घेतात. आपण दुसऱ्या खोडव्यालाच कंटाळतो. १९९४ साली शेतकरी आणि कामगारांच्या ट्रस्टमार्फत कारखान्यांत २० टक्के भाग मिळाला. परंतु मूळ दुखणे वेगळेच होते. १९७५ च्या करारानुसार युरोप वर्षाला सुमारे ५ लाख टन साखर ठरलेल्या चढ्या भावाने घेई. सारे बेट त्या एका गिऱ्हाइकावर विसंबले. २००६ पासून चार वर्षांत युरोपने तो भाव ३६ टक्क्यांनी उतरवला आणि २००९ मध्ये करारच संपला. लहान शेतकऱ्याला तोडणी-वाहतूक परवडेना. हजारोंनी ऊस सोडला. कारखाने एकामागून एक बंद होऊन आता बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. पांपलमूसजवळचा बो प्लाँ कारखाना १९९९ मध्ये बंद पडला. आज त्याचे संग्रहालय आहे. चरक, टाक्या, चक्रे सगळे पुसून-रंगवून ठेवलेले आहे. आपले लोक तिथे हौसेने फोटो काढतात. मला मात्र बंद चरकासमोर उभे राहून बरे वाटले नाही. आपल्या राज्यातही बंद पडलेले कारखाने थोडे नाहीत, आणि त्यांचे कुणी संग्रहालयही केलेले नाही.

किनाऱ्याकडची उसाची काही राने बंगले आणि हॉटेलांखाली गेली आहेत. पर्यटनाने पोटाला दिले, हे नाकारता येत नाही. पण तेही एका गिऱ्हाइकावर विसंबणेच. करोनाच्या साथीत २०२० साली विमाने थांबली, तेव्हा किनारे ओस पडले.

पाचटाचा बांध

त्याच वर्षी २५ जुलैला 'वाकाशिओ' नावाचे जहाज ब्लू बेच्या जवळ पोवळ्याच्या खडकावर चढले आणि ऑगस्टमध्ये त्यातले सुमारे हजार टन तेल समुद्रात सांडले. तेल अडवायला पुरेशी साधने नव्हती. तेव्हा लोक उसाच्या रानात गेले. पाचट गोळा केले, पोत्यांत-कापडात भरून लांबलचक वळकट्या शिवल्या आणि पाण्यावर तरंगत्या बांधासारख्या सोडल्या. बायका-पोरे, कोळी, हॉटेलातले नोकर सगळे त्या कामाला लागले. ज्या किनाऱ्यासाठी ऊस मागे पडला, त्या किनाऱ्याच्या मदतीला उसाचे पाचटच धावून आले. आपण ते पाचट काडी लावून पेटवून देतो.

तेव्हा मंडळी, मॉरिशसला जरूर जा. चार दिवस असतील तर दोन समुद्राला द्या. एक दिवस आप्रवासी घाट आणि बो प्लाँचे संग्रहालय पाहा. उरलेल्या दिवशी गंगा तलावाकडे निघा आणि वाटेत कुठेतरी गाडी थांबवून उसाच्या रानात उतरा, दगडांचा ढीग पाहा, कुणी भेटले तर मराठीत हाक मारून पाहा.

आणि परत आल्यावर या सालची वार्षिक सर्वसाधारण सभा चुकवू नका. अहवाल घरी येतो, तो न उघडता माळ्यावर टाकू नका. ताळेबंद वाचा, समजला नाही तर उभे राहून विचारा. "सगळा शेतकऱ्यांचा?" या प्रश्नाला मी तिथे छाती पुढे काढून होय म्हणालो आहे. ते उत्तर खरे ठेवणे तुम्हा-आम्हा सर्वांच्या हाती आहे.