लंगोटातले मूल आणि जहाजावरचा तलाव

आपल्या रामकुंडावर आजी तान्ह्या नातवाला खुशाल न्हाऊ घालते. तिला कोण अडवणार? प्रवासी जहाजावरच्या पोहण्याच्या तलावात मात्र लंगोटातल्या मुलाला मज्जाव! मला यात श्रीमंती तोरा दिसत नाही. अमेरिकी बंदरांत जाणाऱ्या जहाजांना तसा आरोग्यनियमच आहे. पोहण्याचा खास लंगोटही चालत नाही. तो मळ अडवतो, जंतू नव्हे. तलावात तेच पाणी गाळून, क्लोरीन घालून पुन्हा फिरवतात. क्लोरीनने बहुतेक जंतू काही मिनिटांत मरतात, पण जुलाब घडवणारा क्रिप्टोस्पोरिडियम ७ दिवसांहूनही अधिक तगतो. मोठा माणूस सावरेल. तान्हे मूल जुलाबाने चटकन सुकते, आणि किनारा दूर. काही जहाजांवर अशा बाळांसाठी वेगळे उथळ कुंड असते. त्याचे पाणी स्वतंत्र शुद्ध करतात.