वस्तीवर आलेल्या पिलाची दात लावण्याची खोड

कृष्णा-वारणेच्या काठचा ऊस तुटून टोळ्या आपापल्या गावी परतल्या, म्हणजे कोप्यांच्या रिकाम्या जागेवर एखादे कुत्र्याचे पिलू मागे राहिलेले आढळते. शेतकरी दयेने त्यास भाकरीचा तुकडा घालतो आणि वस्तीस राखण हवी म्हणून ठेवूनही घेतो. परंतु महिना लोटतो न लोटतो तोच तक्रार सुरू होते. पिलू हात धरते, पदर ओढते, वासराच्या मागील पायास दात लावते. मग त्याच्या वाट्यास काठी येते, नाही तर जन्माची साखळी. आमच्या मते हे दोन्ही उपाय खोड वाढविणारे आहेत.

कुत्र्यास हात नाहीत. वस्तूची पारख ते तोंडाने करते. पिले आपसांत खेळताना एक जोराने चावले, की दुसरे केकाटून खेळ सोडून देते. दात किती लावावा याचे हे पहिले शिक्षण होय, आणि आई व भावंडे यांस लवकर अंतरलेल्या पिलास ते अपुरेच मिळालेले असते. शिवाय तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून २८ दुधाचे दात पडू लागून सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ कायमचे दात येतात. त्या काळात हिरड्या शिवशिवतात व पिलू दिसेल ते चावते. तेव्हा ही खोड म्हणजे दुष्टपणा नव्हे. मारल्याने मात्र माणसाचा हात म्हणजे संकट अशी त्याची समजूत होते, आणि भ्यालेले कुत्रे पुढे खरोखरच चावते.

आमच्या वाळवे तालुक्यातील मळ्यावर असेच एक पिलू राहिले. आम्ही प्रथम ओरडून व हात झटकून पाहिले. ते त्यास खेळच वाटे आणि ते अधिकच उसळे. पुढे आम्ही रीत बदलली. दात लागताच बोलणे बंद, हालचाल बंद, आणि पाठ फिरवून त्याच्या पोचेबाहेर जावयाचे. अर्धा मिनिट थांबून परत यावे व शांतपणे खेळावे. पुन्हा दात लागला तर पुन्हा निघून जावे. पिलू पाठोपाठ येत असेल, तर खेळाच्या वेळेपुरते त्यास सैल दोरीने खुंटीस अडकवावे, म्हणजे दूर होणे सोपे जाते. दात लागला की खेळ संपतो, एवढाच धडा त्यास द्यावयाचा.

केवळ नकाराने काम भागत नाही. चावण्यास गाठी मारलेले जाड ओले फडके द्यावे. ‘बस’ म्हणताच बसल्यास भाकरीचा तुकडा द्यावा, आणि पाहुणा आला असता उडी मारण्याऐवजी बसण्याचीच सवय लावावी. पिलास दिवसाचा बराच भाग झोप लागते. दमलेले, जागलेले पिलू हट्टी मुलाप्रमाणे अनावर होते, त्या वेळी त्यास सावलीत निजू द्यावे. पहिले काही दिवस खोड वाढल्यासारखी दिसेल, पण तेवढ्याने रीत सोडू नये. घरातील एकाने खेळवावे व दुसऱ्याने मारावे, असे झाले तर सारे श्रम व्यर्थ जातात.

मुले धावतात व किंचाळतात, त्यामुळे पिलू चेकाळते. पिलू अंगावर आले असता हात छातीशी घेऊन झाडासारखे स्तब्ध उभे राहण्यास मुलांस शिकवावे, आणि लहान मूल व पिलू यांस एकटे ठेवू नये. माण, आटपाडी, जत या भागांतील मेंढपाळांनी पिलास मेंढराच्या पायाशी खेळू देऊ नये. आज गंमत वाटणारी गोष्ट उद्या मेंढराचा लचका तोडते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पिसाळ रोगाचे विष लाळेत असते आणि पिलासही तो रोग होतो. म्हणून पिलू घरी आणताच पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे, तिसऱ्या महिन्यात लस टोचून घ्यावी व पुढील टोचण्या पशुवैद्याच्या सांगण्याप्रमाणे न चुकता द्याव्यात. खेळातही दात लागून कातडी फुटली वा ओरखडा उठला, तर ती जागा साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. चुना, मिरची वा हळद भरू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन सांगितलेल्या सर्व टोचण्या पुऱ्या कराव्यात. लुई पाश्चर यांनी १८८५ साली या रोगावर प्रथम माणसास लस टोचली; परंतु रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली म्हणजे आजही माणूस बहुधा हाती लागत नाही.

आमच्या पिलाची खोड सुमारे दोन महिन्यांत गेली. आज ते रात्री उसाच्या बांधावरून फिरते आणि दिवसा मुलांच्या हातून हळूच तुकडा घेते. राखणीस चावरे कुत्रे लागते, हा समज चुकीचा आहे. भुंकणारे, घरच्यांस ओळखणारे व दातांस आवर घालणारे कुत्रे हीच खरी राखण, आणि ते घडविणे धन्याच्याच हाती असते.